स्विफ्टचं स्टेअरिंग वळणानंतर सरळ होत नाही, रॅक बदलायचीच का?

खामलेकर
नमस्कार मंडळी. गाडी २०१३ची स्विफ्ट, पेट्रोल, ९४ हजार किलोमीटर. मूळ तक्रार डाव्या पुढच्या चाकाकडून येणाऱ्या आवाजाची. गल्लीतल्या सिमेंट ब्लॉकांवरून पंधरा-वीसच्या वेगाने गेलं की पायाखाली कुणी डब्यात खडे हलवतंय असं वाटतं. गुळगुळीत रस्त्यावर काही नाही. घराजवळच्या मिस्त्रीने खाली जाऊन काहीतरी आवळलं आणि "रॅक ढिली होती, टाईट केली" म्हणाला. (रॅक म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा दातेरी दांडा.) आवाज खरंच बराच कमी झाला. पण तेव्हापासून वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही, हातानं परत आणावं लागतं. नागपुरात वर्धा रोडच्या पुलावर सरळ जातानाही सारखं इकडे-तिकडे सांभाळत बसावं लागतं. दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये दाखवली तर त्यांनी चक्कर मारून लगेच निकाल दिला: रॅक असेंब्ली गेली, पूर्ण बदला. खर्च पाच आकडी. पुढच्या आठवड्यात समृद्धी महामार्गानं संभाजीनगरला जायचंय, सोबत आईबाबा. काय करावं?

सावजी_रस्सा
भाऊ, रॅक-बिक काही गेली नसन. माझ्या स्विफ्टचाही असाच आवाज येऊन राहिला होता. दोन्ही लिंक रॉड (सस्पेन्शनच्या छोट्या दांड्या) बदलले, खतम. रॅक बदला म्हणणाऱ्याला आधी विचारा, बाप्पा, खाली वाकून पाहिलं का तरी?

टॉर्कपाना
लिंक रॉडची शक्यता आहेच, ब्लॉकांवरची बारीक खडखड बरेचदा त्याचीच असते. पण लिंक रॉड खराब झाल्याने स्टेअरिंग परत यायचं थांबत नाही. खामलेकर, एवढं सांगा. टायर कसे झिजलेत? पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखी धार लागत असेल तर टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलाय. आणि आवाज फक्त खडबडीत रस्त्यावर येतो की गाडी उभी असताना स्टेअरिंग हलवलं तरी येतो?

खामलेकर
उभ्या गाडीत हलवलं तर एक मंद 'टक्' येतो, डावीकडूनच. डाव्या टायरला बाहेरच्या कडेला धार लागते हो. उजव्याला फारशी नाही.

यंत्रविद्या
खामलेकर, दोन तक्रारींची सरमिसळ करू नका. खडखड हा एक आजार. स्टेअरिंग परत न येणं हा दुसरा, आणि तो पहिल्याच्या औषधातून झालाय असा माझा दाट संशय आहे.

रॅकच्या पाठीमागे स्प्रिंग लावलेला एक प्लंजर असतो. तो रॅकच्या दांड्याला पिनियनच्या (स्टेअरिंगकडून फिरणाऱ्या छोट्या गिअरच्या) दातांवर दाबून धरतो. त्यावरचा स्क्रू आवळला की दाब वाढतो आणि ढिल्या रॅकचा आवाज दबतो. घोळ असा की गाडी आयुष्यभर बहुतेक सरळच चालत असल्याने रॅकचे दात मधल्या भागात झिजतात, कडेचे जवळपास नवेच राहतात. मधली ढिल जाईपर्यंत आवळली की कडेला रॅक जाम होते. तुमच्या गाडीत मोटर कॉलमवर (स्टेअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्यावर) आहे, इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग. त्यामुळे वळवताना हाताला जडपणा कळतच नाही, मोटर रेटून नेते. वळण संपल्यावर स्टेअरिंग सरळ आणण्याचं काम मात्र मुख्यतः चाकांच्या कॅस्टर कोनाचं, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं तो किंचित मागे कललेला असतो त्याचं. ते बळ बेताचंच असतं, आवळलेल्या रॅकच्या घर्षणापुढे ते चालत नाही. पुलावर सारखं सांभाळावं लागतंय तेही यातूनच. स्टेअरिंग मध्याजवळ अडकून बसतं, तुम्ही जरा सरळ करता, ते थोडं पुढे जाऊन पुन्हा अडकतं.

आवळणं हा इलाज नाही असं नाही. पण बाकीचे सगळे सांधे हाताने तपासून झाल्यावरचा तो शेवटचा इलाज आहे, आणि तोही मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानं.

सावजी_रस्सा
ताई, हे बाकीचे सांधे घरी तपासता येतात का? का पुन्हा मिस्त्रीच्याच दारात?

यंत्रविद्या
येतात. आमच्या पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये मुलांना पहिल्याच दिवशी करायला लावते. दोन माणसं लागतात.

गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर. जॅक लावायचा नाही, कारण टायर जमिनीला धरून असला तरच सांध्यावर जोर येतो. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद. किल्ली एवढीच फिरवा की स्टेअरिंगचं कुलूप सुटेल. आत बसलेल्याने स्टेअरिंग घड्याळातल्या अकरा ते एक एवढंच, छोट्या झटक्यांनी, डावं-उजवं करत राहायचं. तुम्ही बाहेरून चाकामागे हात घालून टायरॉड एंडचा (रॅककडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याच्या टोकाचा) सांधा धरा, अर्धी बोटं दांड्यावर आणि अर्धी नकलवर (चाक ज्यावर बसतं त्या वळणाऱ्या भागावर). सांधा चांगला असेल तर दोन्ही एकत्रच हलतात. झिजलेला असेल तर दांडा आधी सरकतो, नकल जरा मागून येते, आणि मधला 'टक्' सरळ तळहातात लागतो. कानापेक्षा हात जास्त खरं सांगतो, कारण आवाज पत्र्यातून कुठूनही कुठे जातो.

मग तसंच रॅकच्या घडीच्या रबरी बूटवर हात ठेवा, बूट आत दाबून आतला रॅक एंड (टायरॉडचा रॅककडचा सांधा) चाचपा. शेवटी ड्रायव्हरच्या पायाशी, पेडलच्या वर, जिथे कॉलम खाली जातो तिथला क्रॉस (कॉलमचा वाकता सांधा). तिथे टकटक लागली तर खालचं सगळं निर्दोष असू शकतं.

टॉर्कपाना
यानंतर जॅक. चाक अधांतरी करून तीन आणि नऊवर हात ठेवून हलवा: ढिल असेल तर टायरॉड किंवा रॅक एंड. बारा आणि सहावर हलवा: ढिल असेल तर बॉल जॉइंट नाहीतर व्हील बेअरिंग. त्या दोघांतला फरक कळायला कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. हेलकावा थांबला तर बेअरिंग, तरीही राहिला तर बॉल जॉइंट. स्विफ्टमध्ये बॉल जॉइंट लोअर आर्मसकटच येतो, त्यामुळे तिथे ढिल निघाली तर खर्च थोडा वाढेल.

आणि एक सांगतो. आपल्याकडे या दिवसांत दुपारी डांबर मऊ असतं, जॅकचं बूड त्यात रुतून गाडी कलंडते. जाड फळी घाला किंवा सिमेंटवर उभी करा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली डोकं घालायचं नाही. काढलेलं चाक किंवा स्टेपनी तरी गाडीच्या दाराखालच्या कडेखाली आडवी सारून ठेवा.

नियमावली
इथे एक कायद्याची बाब. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ९८. स्टेअरिंग व्हीलवर ३० अंशांपेक्षा जास्त ढिल असू नये, सांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना लॉक केलेल्या असाव्यात, असं त्यात आहे. म्हणजे ३० अंशांपर्यंत चालतं.

यंत्रविद्या
नियम बरोबर, निष्कर्ष चुकीचा. तो नियम ट्रक-बसलाही लागू आहे, म्हणून मर्यादा एवढी सैल. छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये साधारण स्टेअरिंगच्या कडेवर ३० मिलीमीटरपर्यंत ढिल चालते असं असतं. स्टेअरिंगचा व्यास ३७ सेंटीमीटर धरला तर ३० मिमी म्हणजे जेमतेम ९ अंश होतात. ३० अंश म्हणजे कडेवर जवळपास १० सेंटीमीटर. रॅक-पिनियनच्या गाडीत तेवढी ढिल असेल तर एखादा सांधा निखळण्याच्या बेतात आहे असंच समजा.

नियमातलं रबरी टोप्यांचं कलम मात्र लाख मोलाचं. टायरॉड एंड मरतो तो बहुतेक वेळा बूट फाटल्यामुळे. आत ग्रीस कायमचं भरलेलं असतं, वरून भरायला निपल नसतं. उन्हाने रबर तडकतं, मग पहिल्या पावसात ग्रीस धुऊन जातं आणि त्याच्या जागी रस्त्यावरची बारीक वाळू बसते. खाजगी गाडीला पंधरा वर्षांपर्यंत फिटनेस तपासणी नसते, त्यामुळे तोवर ही टोपी कुणी बघतही नाही.

संपादक
सिमेंट रस्ते कुणी केले आणि ब्लॉक कुणी बसवले यावरचे प्रतिसाद 'गावगप्पा'त हलवले आहेत. इथे गाडीबद्दलच बोला.

सावजी_रस्सा
😄 रस्ता काढून टाकला तर गाडीचा आवाज तसाही बंद होईन.

खामलेकर
आज संध्याकाळी ऊन उतरल्यावर तपासलं. मुलाला आत बसवून स्टेअरिंग हलवायला लावलं. डाव्या टायरॉड एंडवर हात ठेवला आणि तो 'टक्' थेट हातात आला, शंकाच नाही. उजवीकडे हलल्याचं काही जाणवलं नाही. बूटवरून चाचपलं तर रॅक एंड दोन्हीकडे ठीक, पायाशी क्रॉसही ठीक. जॅकवर घेतल्यावर बारा-सहाला काही नाही, तीन-नऊला डावं चाक हलतं. टॉर्च मारून पाहिलं तर डाव्या टायरॉड एंडचा बूट खालच्या बाजूने, नजर जात नाही अशा ठिकाणी चिरलेला. दाबला तर तांबूस पाणी आलं, ग्रीसचा पत्ता नाही. लिंक रॉडपण डावीकडचा जरा खुळखुळतो, सावजीभाऊ.

सावजी_रस्सा
बघा! म्हटलं होतं ना.

टॉर्कपाना
छान. आता गाडी फार फिरवू नका, समृद्धी तर अजिबात नको. तिथे गाड्यांना १२०ची मुभा आहे आणि सांध्यातून बॉल निसटला तर ते चाक आपल्या मर्जीने वळतं, स्टेअरिंग धरून काही होत नाही.

बदलताना हे पाहा. टायरॉड एंडचा नट काढल्यावर पिन टेपरमध्ये (निमुळत्या भोकात) घट्ट बसलेली असते. कारागीर पिनेच्या टोकावर हातोडा मारू लागला तर थांबवा. पुलर असेल तर उत्तम. नसेल तर नकलच्या कानावर, बाजूने, जोरात ठोकायचं, दुसऱ्या बाजूला जड हातोड्याचा आधार देऊन. टेपर सुटतो. ते दुबेळक्याचं हत्यार घालून उचकटतात त्यात बूट फाटतो. जुना एंड फेकायचाच असेल तर फाटू दे, पण तेच हत्यार चांगल्या बाजूला लावू देऊ नका.

एंड उघडायच्या आधी लॉकनटची जागा दांड्यावर पेंटने खुणावा आणि उघडताना आटे मोजा. नवा तेवढेच आटे चढवला की गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नीट जाते. कॅसल नट आणि स्प्लिट पिन असेल तर भोक जुळवायला नट कधीही मागे सैल करायचा नाही, पुढेच आवळून जुळवायचा. पिन नवीच घालायची. सेल्फ-लॉकिंग नट असेल तर तोही नवा.

माझ्या मते दोन्ही बाजूंचे एंड एकत्रच बदला. रबराचं वय सारखंच आहे.

यंत्रविद्या
इथे मी सहमत नाही. उजवा घट्ट आहे, बूट शाबूत आहे. तो काढताना टेपर ठोकायचा, नवा एखादा बरावाईट पार्ट घालायचा, हे कशाला? शॉकअब किंवा ब्रेक पॅड जोडीने बदलतात त्याला कारण असतं, दोन्ही बाजू सारख्या वागायला हव्या असतात. टायरॉड एंडला तसं काही नाही. चांगला असेल तर राहू दे, दर सर्व्हिसला बूट बघा.

टॉर्कपाना
मजुरी आणि अलाइनमेंट एकदाच लागते म्हणून म्हटलं. सहा महिन्यांनी उजवा गेला की पुन्हा सगळा खटाटोप.

स्पेअरवाला_काउंटर
मी पार्टच्या दुकानात बसतो, म्हणून दोन शब्द. एंड घेताना मॉडेल-वर्ष तर सांगाच, पण डावा-उजवा पण सांगा. डबा उघडून पिन अंगठ्याने फिरवून बघा. नव्या एंडची पिन सहज लोळत असेल तर परत द्या, ती अंगठा दुखेल इतकी कडक हवी. बूटच्या तोंडाशी क्लिप आहे का बघा. स्वस्तातल्या मालात बूट नुसता ओढून बसवलेला असतो, पावसाळ्यात सरकतो. टायरॉड एंडच्या दोन दरांत फरक शे-दोनशेचा असतो, तिथे वाचवू नका.

फाटक्या बूटमध्ये इंजेक्शनच्या सुईने ग्रीस भरून देणारे पण आहेत. आवाज थोडे दिवस जातो. आत झिजलेला बॉल काही भरून येत नाही.

खामलेकर
झालं काम. घाट रोडवरून डावा टायरॉड एंड आणि दोन्ही लिंक रॉड आणले. (उजवा एंड ठेवला, टॉर्कपाना रागावू नका.) हिंगणा रोडच्या एका कारागिराकडे केलं, त्याने शेजारी उभं राहू दिलं म्हणूनच तिथे गेलो. जुना एंड हातात घेतला तर त्याची पिन स्वतःच्या वजनाने इकडून तिकडे लोळत होती. नव्याची पिन अंगठ्याने ढकलून हलेना, पक्कड लावावी लागली.

पण स्टेअरिंग तरीही परत येत नव्हतं. त्याला रॅक आवळल्याचं सांगितलं. तो लगेच रॅकला हात घालणार होता, तेवढ्यात मी यंत्रविद्याताईंचं बोलणं आठवून म्हटलं, आधी बाकीचं तपासू.

यंत्रविद्या
मग कसं तपासलंत? हे सविस्तर लिहा, पुढच्याच्या उपयोगी पडेल.

खामलेकर
दोन्ही पुढची चाकं वर घेऊन भक्कम स्टँड लावले. मग दोन्ही टायरॉड एंड नकलमधून सोडवले. (म्हणजे उजवाही काढावाच लागला, पण पुलरने, बूट शाबूत.) आता चाकं रॅकपासून मोकळी. प्रत्येक चाक हाताने डावं-उजवं फिरवून पाहिलं, सहज फिरलं. म्हणजे वरचं स्ट्रटचं (शॉकअबच्या खांबाचं) बेअरिंग आणि खालचा बॉल जॉइंट निर्दोष. मग स्टेअरिंग फिरवलं तर मध्यापासून बाजूला जाताना जड होत गेलं. म्हणजे अडचण रॅकमध्ये किंवा कॉलममध्ये. कारागीर क्रॉसचा बोल्ट सोडून कॉलम वेगळा करायला निघाला होता, पण प्लंजरच्या स्क्रूवर पान्याचे ताजे ओरखडे दिसले आणि तो म्हणाला, "आधी हेच बघू."

मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे ठरावीक टॉर्कला आवळून मग ठरावीक अंश मागे घ्यायचा असतो. त्याने तसं केलं. स्क्रू आधीच्या जागेपेक्षा बराच मागे आला. जमिनीवर उतरवून मैदानात फेरी मारली, वळणातून बाहेर येताना हात सैल सोडले तर स्टेअरिंग आपोआप सरळ.

यंत्रविद्या
वा. कॉलम सोडवलाच असता तर त्यात एक धोका होता, तो लिहून ठेवते. क्रॉस आणि शाफ्टवर खूण केल्याशिवाय सोडवायचा नाही. आणि गाडीला एअरबॅग असेल तर रॅकपासून सुटलेलं स्टेअरिंग गरागरा फिरू द्यायचं नाही, आतली गुंडाळलेली वायर तुटते आणि एअरबॅगचा दिवा लागतो. स्टेअरिंग सीटबेल्टने बांधून ठेवायचं.

आता आवाज?

खामलेकर
खडखड गेली. अगदी मंद एक टकटक ब्लॉकांवर उरलीये, फक्त स्टेअरिंग मध्यावर असताना.

यंत्रविद्या
ती रॅकची खरी झीज. ९४ हजाराला एवढी असायचीच, त्यामुळे वर्कशॉपवाले अगदीच चुकले नव्हते म्हणा, फक्त गुन्हेगार दुसरा होता. ढिल मापात आहे तोवर रॅक बदलायची गरज नाही. टकटक वाढली, किंवा रॅकच्या बूटमधून ओल दिसली, तर तेव्हा बघू. अलाइनमेंट केलंत?

खामलेकर
हो, दुसऱ्याच दिवशी. डावीकडचा टो मापाच्या बराच बाहेर होता. अलाइनमेंटवाला म्हणाला, मागच्या वेळी पण त्याच्याकडेच केलं होतं, टिकलं नाही.

टॉर्कपाना
कसं टिकेल? सांधा ढिला असताना मशीनवर आकडे हिरवे येतात, रस्त्यावर उतरलं की चाक पुन्हा हवं तिथे जातं. अलाइनमेंटवाल्याने खरं तर आधी चाक हलवून बघायला हवं. बहुतेक जण बघत नाहीत, कारण त्यात वेळ जातो आणि पैसे मिळत नाहीत.

टायर आता डावा मागे आणि मागचा पुढे घ्या. धारेचा टायर पुढे ठेवलात तर घूं-घूं आवाज येत राहील आणि तुम्ही पुन्हा इथे येऊन विचाराल की बेअरिंग गेलं का.

अंबाझरीकाठ
माझा थोडा वेगळा प्रश्न. जुनी हॅचबॅक घ्यायला बघतोय, २०१८ची, धंतोलीत. भाव जरा कमी वाटतो. गाडी २३ सप्टेंबर २०२३च्या पुरात भिजलेली असेल अशी शंका आहे, मालक नाही म्हणतो. स्टेअरिंगकडून काही कळतं का?

टॉर्कपाना
कळतं. पेडलच्या वरचा क्रॉस बघा. केबिनमध्ये पाणी शिरलं असेल तर त्याच्या सांध्यांत गंज दिसतो आणि स्टेअरिंग पूर्ण फिरवताना एका ठिकाणी जड, एका ठिकाणी हलकं लागतं. रॅकच्या दोन्ही बूटच्या क्लिपा ढिल्या करून आत बोट घालून बघायला मालकाची परवानगी मिळाली तर तेही बघा, आत गाळाचा पातळ थर असेल तर बोलणंच संपलं. सीट मागे सरकवून तिच्या रुळांचे बोल्ट आणि कार्पेटखालचा पत्रा बघा.

यंत्रविद्या
आणि इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचं पाहाच. मोटर आणि तिचा कंट्रोलर कॉलमवर, डॅशबोर्डखाली असतो. किल्ली ऑनला स्टेअरिंगचा दिवा लागून इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. किल्ली ऑनला दिवा लागतच नसेल तर बल्ब काढलाय का ते विचारा. गाडी अर्धा तास चालवा, कारण गंजलेला कनेक्टर गरम झाल्यावर दगा देतो, दारातल्या दारात नाही.

अंबाझरीकाठ
धन्यवाद. मालक म्हणतो चक्कर कॉलनीतच मारा, बाहेर नको.

सावजी_रस्सा
मग दुसरी गाडी पाहा, भाऊ.